जखमी साप सापडला तर: पहिल्या तासापासून परत सोडेपर्यंत

मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षाचा हंगाम उरकत आला की मला येणारे बरेचसे फोन जाळीचे असतात. नाशिकच्या आसपास मखमलाबाद, मातोरी, दिंडोरी, पिंपळगाव, कुठूनही येतात. पाखरांसाठी बागेला लावलेली नायलॉनची जाळी काढून बांधावर ढीग करून टाकलेली असते, त्यात रात्री उंदरामागे धामण शिरते, डोकं जातं, मान जाते आणि मधलं अंग अडकतं, मागे यायला बघते तर खवल्यांत दोरे रुततात, आणि सकाळी शेतकऱ्याला दिसते तोवर ऊन चढायला लागलेलं असतं. बाकीचे फोन कांदा चाळीतले, फावडं लागलं म्हणून. मग रोटाव्हेटर, जेसीबी, रस्त्यावर गाडीचं चाक गेलेले, आणि शहरात दुकानात उंदरासाठी ठेवलेल्या चिकट पॅडवर अडकलेले.

गेली अकरा वर्षं मी हे काम करतोय, आणि जखमेपेक्षा आपल्या घाईनेच जास्त साप गेलेले पाहिलेत. माणसाला वाटतं काहीतरी केलंच पाहिजे. दूध पाजा, हळद भरा, अंडं द्या, उन्हात ठेवा. यातलं काहीही करायचं नाही. सापाला हवी असते शांतता, ऊब, पाणी आणि भरपूर दिवस. बाकी औषधाचं काम डॉक्टरांचं.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जंगली साप घरी ठेवता येत नाही, मग तो बिनविषारी का असेना आणि तुमची भावना कितीही चांगली का असेना. म्हणजे घरी खोक्यात ठेवून महिनाभर सेवा करायची हा विषयच नाही. तुमच्या हातात असतात ते पहिले एक-दोन तास, आणि ते तास फार महत्त्वाचे असतात. वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे, तो लावा, किंवा आपल्या भागातला सर्पमित्र माहिती असेल तर त्याला बोलवा, त्याच्याकडे वनविभागाचं ओळखपत्र आहे का ते विचारा, विचारायला लाजू नका. म्हसरूळला वनविभागाचं वन्यजीव उपचार केंद्र आहे, नाशिकच्या आसपासचे जखमी प्राणी तिकडे जातात. पुढे मी जी महिनाभराची काळजी लिहिलीय ती वनविभागाकडे नोंद करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची काळजी आहे, ती यासाठी लिहिली की नवीन मुलं या कामात येतात आणि त्यांना हे कोणी नीट सांगत नाही.

आता पहिला तास. साप दिसला की आधी थांबा आणि लांबूनच बघा. हात लावायचा नाही, काठीने हलवून जिवंत आहे का बघायचं नाही. ओळखीत चूक होते हो, मोठमोठ्या लोकांची होते. बिनविषारी कवड्या समजून विषारी मण्यार उचललेली माणसं मी पाहिलीत. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात, हे पुस्तकात ठीक आहे पण चिखलात माखलेल्या, अर्ध्या सोललेल्या सापावर पट्टे कुठे दिसणार. बिनविषारी डुरक्या घोणस, अजगराचं पिल्लू आणि खरी, विषारी घोणस यांची पण अशीच गल्लत होते. त्यामुळे ओळख पटली नाही तर विषारी समजायचं. आणि साप मेलाय असं वाटलं तरी तोंडाकडे हात न्यायचा नाही, मेलेल्या आणि मुंडकं तुटलेल्या सापाच्या तोंडालासुद्धा काही वेळ चावता येतं.

रस्त्यावर किंवा अंगणात असेल तर त्याच्यावर प्लास्टिकचा टब किंवा मोठं टोपलं पालथं घाला, लांब काठीने सरकवून घाला, वर दगड ठेवा, आणि त्यावर सावली करा. सावली विसरू नका! नाशिकचं एप्रिलचं ऊन, टबाखाली तापमान बघता बघता चाळिशीच्या वर जातं आणि साप तेवढ्यात मरतो. जाळीत अडकलेला असेल तर ओढू नका, जाळी उचलू नका, वर ओलं गोणपाट अलगद टाका, एक माणूस राखणीला बसवा, कुत्री आणि कावळे लांब ठेवा. व्हिडिओ काढत बसू नका, लांबून एक फोटो काढा, तो ओळखीसाठी सर्पमित्राला पाठवा, पुरे. साप बाहेरच्या कानाने ऐकत नाही पण जमिनीतली थरथर त्याला पूर्ण कळते, वीस माणसं गोल करून उभी राहिली की तो जीव खाऊन धडपडतो आणि जखम अजून फाटते.

चावला तर? बिनविषारी आहे हे पक्कं असेल तर साबणाने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जराही शंका असेल तर १०८ ला फोन आणि सरळ सिव्हिल हॉस्पिटल. चीर द्यायची नाही, रक्त चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, मंत्र-तंत्रात एक मिनिट घालवायचं नाही.

आता जाळी कशी कापायची, हे बारकाईने सांगतो कारण इथेच सगळं बिघडतं. मातोरीच्या एका बागेतली धामण सांगतो. बागवाले अण्णा फोनवर म्हणाले, "दादा, लवकर या, पोरं ओढायला लागलीत तिला." मी म्हटलं, "अण्णा, पोरांना लांब करा आणि गोणी ओली करून टाका तिच्यावर, मी निघालोच." पोचलो तर सहा-सात फुटाची धामण, मानेच्या मागे वीतभर अंतरावर जाळीचे तीन वेढे, आणि अंग तिथे इतकं आवळलेलं की दोन्ही बाजूंनी फुगलं होतं, मध्ये दोरा दिसतच नव्हता. अशा वेळी तिथल्या तिथे सगळं कापायचा मोह होतो. नाही करायचं. आधी सापाच्या दोन्ही बाजूंनी हातभर जाळी सोडून मोठ्या ढिगातून तो भाग कापून वेगळा करायचा, साप जाळीसकट कापडाच्या पिशवीत, आणि मग सावलीत, टेबलावर, उजेडात काम. एकाने डोक्यामागे हलक्या हाताने धरायचं, दुसऱ्याने पूर्ण अंगाला खालून आधार द्यायचा, अंग लोंबकळू द्यायचं नाही, आणि तिसऱ्याने कापायचं. कात्री बोथट टोकाची, बँडेज कापायची असते ती. दोरा वर उचलायचा नाही, कात्रीचं बोथट पातं खवल्याच्या दिशेने, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे, दोऱ्याखाली सरकवायचं आणि एकेक दोरा कापायचा. त्या धामणीचे चौदा दोरे कापले, पाऊण तास लागला. शेवटचा दोरा निघाला तसा तिने एक लांब श्वास घेतला, फुगा भरावा तसं सगळं अंग भरलं, आणि जीभ बाहेर आली.

आणि इथेच लोक चुकतात. जाळी निघाली, साप पळायला लागला, सोडून दिला, टाळ्या. पण आवळलेल्या जागी रक्त पोचलेलं नसतं, ते मांस मेलंय की जिवंत आहे हे त्या दिवशी कळतच नाही. त्या धामणीचं तिसऱ्या दिवशी ते कडं काळपट पडलं, सहाव्या दिवशी वरचे खवले सुटायला लागले आणि खाली ओली लाल जखम. त्या दिवशी सोडली असती तर बांधावर माश्या बसून, अळ्या पडून गेली असती. म्हणून जाळीतला साप वरून धडधाकट दिसला तरी किमान दहा-पंधरा दिवस नजरेखाली पाहिजे.

चिकट पॅडवाल्यांचं वेगळं. तिथे बहुतेक कवड्या, तस्कर (हाही बिनविषारी साप), छोटी पिल्लं असतात. पहिलं काम, पॅडचा जो भाग मोकळा आहे त्यावर कागद चिकटवा, म्हणजे साप धडपडून अजून चिकटणार नाही. मग खायचं तेल, सोयाबीन सूर्यफूल काहीही, कापसाने थोडं थोडं कडेने सोडत जायचं, पाच मिनिटं थांबायचं, शेपटीकडून सैल करत यायचं. तोंडापाशी तेल अगदी कानकोरणीच्या टोकाने, नाकात गेलं तर श्वास अडकतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नाही, खवल्यांतून भाजतं आणि अंगात भिनतं. सुटला की कोमट पाण्याने आणि अगदी सौम्य साबणाने तेल धुवायचं. विषारी असेल तर हे काम घरच्या माणसांनी करायचंच नाही, पॅड तसाच टबाखाली झाकायचा.

नेताना कापडाची पिशवी, उशीचा अभ्रा चालतो पण उलटा करून, आतले दोरे दातात अडकतात म्हणून. तोंडाला गाठ, आणि ती पिशवी झाकणाच्या बादलीत किंवा खोक्यात. विषारी सापाची पिशवी मांडीवर कधी घ्यायची नाही, कापडातून दात आरपार येतात. स्कूटरच्या डिकीत नको, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको.

जखम धुवायला सलाईन सगळ्यात चांगलं, मेडिकलमध्ये मिळणारी साधी बाटली. त्यानंतर पोविडोन आयोडीन पण पातळ करून, फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईल इतपत पातळ. डेटॉल, फिनेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. हळद, तंबाखू, चुना पण नाही, सापाच्या जखमेत हे सगळं थर धरून बसतं आणि आत सडत राहतं. अळ्या पडल्या असतील तर चिमट्याने एकेक काढा आणि सलाईनची पिचकारी मारा, आणि पुन्हा चार तासांनी बघा कारण अंडी राहिलेली असतात. सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही, डॉक्टरांना काढावा लागतो. तोंडात, हिरडीवर तसं पांढरं पिवळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

इंजेक्शन स्वतःच्या मनाने द्यायचं नाही, माणसाच्या गोळ्या तर नाहीच. डॉक्टर डोस वजनावर ठरवतात म्हणून साप आला की पहिल्याच दिवशी वजन करा, किचनचा काटा चालतो, पिशवीसकट करा आणि पिशवीचं वजा करा. इंजेक्शन अंगाच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीतून जातं. गाडीखाली आलेल्या सापाचा एक्सरे हवाच. बरगड्या तुटल्या असतील तर पुष्कळदा जुळतात, कणा तुटला तर अवघड. अंदाज घ्यायला डॉक्टर सापाला अलगद उताणा करतात, धड साप लगेच पालथा होतो, ज्याचा मागचा भाग तसाच उताणा राहतो त्याचं दुखणं मोठं. काही साप वाचत नाहीत, आणि काहींना तडफडत ठेवण्यापेक्षा डॉक्टर शांतपणे निरोप देतात. तो निर्णय मला आजही जड जातो, पण तो त्यांचाच असू द्या.

आता ठेवायचं कसं. हवेची भोकं असलेला प्लास्टिकचा बॉक्स, भोकांना आतून मच्छरदाणी, कारण माशी हा सगळ्यात मोठा शत्रू आहे. खाली वर्तमानपत्र, माती-भुसा नाही कारण जखमेला चिकटतो. लपायला पालथा घातलेला पुठ्ठ्याचा खोका, ज्यात साप जेमतेम मावेल, मोठा नको, अंग चारी बाजूंनी टेकलं की त्याला सुरक्षित वाटतं. जड, उथळ वाटीत पाणी, अशक्त साप खोल भांड्यात बुडून मरतो. आणि ऊब. साप स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, गार पडला की जखम भरत नाही, औषध चालत नाही, पोटातलं पचत नाही. बॉक्सच्या एका बाजूला २८ ते ३० अंश आणि दुसरी बाजू जरा गार, म्हणजे तो स्वतः सरकून जागा निवडतो. ४० वॅटचा बल्ब बॉक्सच्या बाहेर एका कोपऱ्यात, आत कधीच नाही, साप बल्बला चिकटून भाजतो तरी हलत नाही. थर्मामीटर ठेवा, अंदाज चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा रात्रीसुद्धा ऊब चालू ठेवावी लागते, आणि लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बॉक्सला बाहेरून लावा.

कातडी सुरकुतलेली आणि डोळे खोल गेलेले दिसले तर अंगातलं पाणी कमी झालंय. कोमट पाणी, बोटाच्या दोन पेरांइतकं, त्यात पंधरा मिनिटं, डोकं वर राहील असं, आणि समोरून हलायचं नाही. ओली उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

खाण्याचं लिहिताना मला माझी पहिली तस्कर आठवते. मी सतरा वर्षांचा होतो, पंचवटीत आमच्या वाड्याच्या मागे सापडली, पाठीवर कुत्र्याचे दात. मी ड्रॉपरने दूध पाजलं, दुसऱ्या दिवशी अंड्याचा बलक घातला, ऊब मिळावी म्हणून गच्चीवर उन्हात ठेवली आणि क्लासला गेलो. आलो तेव्हा संपली होती, तोंडातून बलक आलेला. ते तोंड मी अजून विसरलो नाही. सापाला दूध पचत नाही, नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो अनेक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. आणि जखमी सापाला पहिला आठवडा तरी काहीच द्यायचं नाही, मोठा साप कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो, भुकेने तो एवढ्यात मरत नाही, पोटात अन्न सडून मात्र मरतो. पोटावर टाके असतील तर अजून थांबायचं.

द्यायचं तेव्हा ज्याचं त्याला. धामणीला उंदीर, दिवडीला मासे आणि बेडूक, कवड्याला पाल. बाजारपेठेत पकडलेला उंदीर नको, त्याने विष खाल्लेलं असू शकतं. रात्री ठेवायचं, अंधार करायचा, दार लावून निघून जायचं, सकाळी तसंच असेल तर उचलायचं, तीन-चार दिवसांनी परत. तोंड उघडून कोंबायचं नाही. खाल्लं की तीन दिवस हात लावायचा नाही, ड्रेसिंगसुद्धा जमलं तर पुढे ढकला, हाताळला की ओकतो आणि ओकल्याने अशक्तपणा अजून वाढतो. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला होतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच.

रोजच्या वहीत तारीख, तापमान, वजन, पाणी प्यायला का, विष्ठा केली का हे लिहा. वर्तमानपत्रावर तो खडूसारखा पांढरा भाग आणि शेजारी काळपट विष्ठा दिसली की खरं सांगतो, मला निकाल लागल्यासारखा आनंद होतो, म्हणजे आत यंत्र चालू आहे. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकाशी बुडबुडे आहेत, तर फुफ्फुसाचा त्रास, लगेच डॉक्टर.

मग कात. जखमी साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो आणि प्रत्येक कातीबरोबर जखम भरत गेलेली दिसते. आधी डोळे निळसर दुधी होतात, तेव्हा त्याला दिसत नाही, चिडतो, त्या दिवसांत छेडू नका, लपायच्या खोक्यात ओला फडका ठेवा. जखमेपाशी कात अडकते, ती सोलायची नाही, ओली करत राहायची. टाके चार ते सहा आठवडे ठेवतात, बहुतेक एक कात पडल्यावर काढतात. मातोरीच्या धामणीने सव्विसाव्या दिवशी कात टाकली, जखमेपाशी फाटकीच आली, पण खाली गुलाबी नवी कातडी होती, खवले नव्हते पण बंद, कोरडी. चौतिसाव्या रात्री तिने पहिला उंदीर घेतला.

सोडायचं कधी? स्वतःहून दोन-तीन वेळा खाल्लंय, कात पूर्ण पडलीय, जखम कोरडी आहे, जीभ सतत बाहेर येतेय, अंग सरळ आणि जोरात चालतंय, आणि मला बघून फणकारतोय. माणसाळलाय, छान हातावर बसतो, असं कोणी सांगितलं तर तो साप अजून आजारी आहे असं समजा. सोडायची जागा सापडला त्याच्या शक्यतो जवळ, लांबच्या जंगलात नाही, पांडवलेणीच्या डोंगरावर नेऊन सोडला म्हणजे पुण्य लागतं असं काही नाही, ओळखीची बिळं, पाणी, उंदीर सगळं तुटतं त्याचं. दिवसा फिरणारे सकाळी, रात्री फिरणारे संध्याकाळी. कडाक्याच्या थंडीत सोडू नका. वनविभागाची नोंद करून, त्यांचा माणूस बरोबर घेऊन.

मांडूळ असेल तर जागा कोणालाही सांगायची नाही, फोटोसुद्धा टाकायचा नाही. दुतोंड्या म्हणून, गुप्तधनाच्या खुळचट समजुतीपायी त्याला पोत्यात भरून विकणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात फिरतात.

आमची धामण जूनच्या पहिल्या पावसानंतर सोडली, त्याच बागेच्या बांधावर, सकाळी आठला. अण्णा सगळ्या घराला घेऊन आले होते, पण दहा पावलं मागे उभे राहिले, मी सांगायच्या आधीच. पिशवीचं तोंड सोडलं, ती दोन मिनिटं आतच, मग डोकं बाहेर, जीभ, आणि एकदम सगळी सात फूट करवंदीच्या झुडपाखाली. मानेमागचं ते गुलाबी कडं तेवढं शेवटपर्यंत दिसत होतं.

अण्णांनी त्या वर्षापासून एक केलं, ते तुम्हीही करा. हंगाम संपला की जाळी गुंडाळून गोणीत भरून शेडमध्ये आढ्याला टांगतात, आणि बागेला लावताना खालची कड जमिनीपासून हातभर वर, ताणून बांधतात. त्यांच्याकडून मला परत जाळीचा फोन आलेला नाही.